कळसूबाई चढू का, डॉक्टर?

गणपती उठले की माझ्या ओपीडीत एक प्रश्न सुरू होतो आणि तो थेट डिसेंबरपर्यंत चालतो. "डॉक्टर, कळसूबाईला जाऊ का?" विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, नवरात्रात देवीच्या दर्शनाला वर्षानुवर्षं जाणारे. दोन, ऑफिसच्या, सोसायटीच्या किंवा शाळेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी 'चला' म्हटलं म्हणून निघालेले. पहिल्यांना घरच्यांनी अडवलेलं असतं म्हणून ते येतात. दुसरे सहसा येतच नाहीत. त्यांची बायको किंवा आई दुसऱ्या कामासाठी आलेली असते आणि जाता जाता त्यांच्याबद्दल विचारते.

या दुसऱ्या गटातल्यांसाठी आज मुद्दाम लिहितो आहे.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या अगदी सीमेवर. बहुतेक लोक घोटीवरून भंडारदऱ्याच्या रस्त्याने येतात आणि बारी गावातून चढायला लागतात. हल्ली त्याला 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते नाव आवडत नाही. एव्हरेस्टच्या पाचव्या हिश्शाइतकीही त्याची उंची नाही, आणि कळसूबाईला उसनं नाव घ्यायची गरजही नाही. वर उभं राहिलं की एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग, पलीकडे रतनगड. पावसाळा सरताना उतारांवर सोनकी फुललेली असते. मी तिथे पहिल्यांदा एमबीबीएसला असताना गेलो. आता पन्नाशी उलटून गेली, तरी साधारण वर्षाआड जातोच. वेळ दर खेपेला थोडा जास्त लागतो. लागू दे.

मुरलेले ट्रेकर या डोंगराला नाक मुरडतात. वाट मळलेली, ठिकठिकाणी पायऱ्या, कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे, मधे मधे लिंबू सरबत आणि भजी. "हा ट्रेक नाही हो, जिना आहे," असं एकाने मला सांगितलं होतं. त्याचं म्हणणं खरं आहे, आणि डॉक्टर म्हणून मला काळजी नेमकी त्याचीच वाटते. अलंगच्या कातळाखाली उभा राहिलेला अननुभवी माणूस घाबरतो आणि मागे फिरतो. शिडीसमोर कोणी घाबरत नाही. त्यामुळे ज्याने वर्षभरात सोसायटीचा जिनासुद्धा वापरलेला नाही, तोही कळसूबाई चढायला लागतो.

आधी हिशेब करू

बारीपासून शिखरापर्यंत साधारण ८५० ते ९०० मीटरचा चढ आहे. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला, तर हे जवळजवळ तीनशे मजले झाले. वाट सुरुवातीला शेतांतून जाते, मग चढ सुरू होतो आणि नंतर फारसा सोडत नाही.

सत्तर किलो वजनाचा माणूस एवढा वर जातो, तेव्हा त्याच्या शरीराला नुसत्या चढण्यासाठी सहाशे ते सातशे कॅलरी खर्च कराव्या लागतात. तीन-चार मोठ्या भाकऱ्यांमधून मिळते तेवढी ही ऊर्जा. गंमत अशी, की यातला जेमतेम पाव भाग तुम्हाला वर उचलायला वापरला जातो. उरलेल्याची उष्णता होते. म्हणूनच डिसेंबरच्या थंडीतही दुसऱ्या चढापर्यंत शर्ट पाठीला चिकटतो. ही उष्णता बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे पाठवावं लागतं, त्याच वेळी मांड्यांचे स्नायूही रक्त मागत असतात, आणि दोघांना पुरवणारा पंप एकच.

तो पंप म्हणजे तुमचं हृदय. निवांत बसलेल्या शरीराला जेवढा प्राणवायू लागतो त्याच्या सहा ते आठ पट, कळसूबाईच्या चढावर लागतो. आणि तो पाच मिनिटं नाही, तीन-चार तास. आम्ही दवाखान्यात ट्रेडमिलवर जी स्ट्रेस टेस्ट करतो, ती बहुतेकांची दहा-बारा मिनिटांत संपते. तिथे शेजारी डॉक्टर उभा असतो, ईसीजीच्या तारा लावलेल्या असतात आणि पट्टा थांबवायचं बटण हाताशी असतं. डोंगरावर यातलं काहीच नसतं.

ऑक्सिजन कमी पडेल का?

हा प्रश्न फार जण विचारतात, म्हणून पटकन उत्तर देतो: नाही. उंचीवरचा जो आजार आपण ऐकतो, डोकं दुखणं, उलट्या, फुफ्फुसात पाणी होणं, तो साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८२ टक्क्यांच्या आसपास असतो. निरोगी फुफ्फुसाला एवढा फरक सहज झेपतो. ज्यांना सीओपीडी आहे, किंवा घरी बसल्या जागीही ऑक्सिजनची पातळी कमी असते, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आधी विचारावं.

यावरून आणखी एक. पुढच्या वर्षी केदारनाथला जायचं म्हणून कळसूबाईचा सराव करणारे बरेच असतात. पायांना तो सराव होतो, हृदयालाही होतो. पण केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे, आणि उंचीची सवय इथे होत नाही. ती तिथेच, टप्प्याटप्प्याने, मुक्काम करत करावी लागते.

मावशी आणि त्यांचा मुलगा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. घोटीच्या बाजूच्या एका गावातल्या मावशी माझ्याकडे येतात. वय तेव्हा ६३. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी, उजवा गुडघा दुखरा. लग्न होऊन आल्यापासून जवळजवळ दर नवरात्रात त्या कळसूबाईला गेलेल्या. मधली दोन वर्षं मुलांनी जाऊ दिलं नव्हतं. त्या वर्षी नातू मोठ्या दुखण्यातून उठला होता आणि मावशींनी नवस बोललेला होता. मुलगा पुण्याहून त्यांना घेऊन मुद्दाम आला होता, मी 'नाही' म्हणावं म्हणून. तो ४१ वर्षांचा, संगणकावर काम, दिवसाला सात-आठ सिगारेटी.

"सर, तुम्हीच सांगा हिला. वय झालंय तिचं."

मावशी गप्प बसून होत्या. मी विचारलं, "मावशी, रोज काय काय काम करता?" पहाटे उठून गोठा, दोन हंडे पाणी, शेतावर जाऊन येऊन तीन-चार किलोमीटर, शिवाय घरचं सगळं. दम लागतो का? छातीत भरून येतं का? पायांवर सूज? रात्री उशा जास्त घ्याव्या लागतात का? सगळ्याला 'नाही'. गुडघा मात्र उतारावर बोलतो म्हणाल्या.

माझा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. मावशी जिन्याने आल्या होत्या, मुलगा लिफ्टने. मी सहज त्याला विचारलं, "आणि तुम्ही आईबरोबर चढणार आहात ना?"

"हो, तिला एकटीला कसं सोडणार?"

मग तेच प्रश्न त्याला विचारले. आधी 'काही नाही' म्हणाला. मग आठवून म्हणाला, की लॅपटॉपची बॅग घेऊन पुलाचा जिना चढताना कधी कधी गळ्याशी आवळल्यासारखं होतं. थांबलं की दोन मिनिटांत जातं. ॲसिडिटी असेल म्हणून गोळी घेतो. त्याचे वडील, म्हणजे मावशींचे यजमान, पन्नाशीच्या आतच 'झटक्याने' गेले होते.

त्या दिवशी मी मुलाचा केसपेपर काढला. रक्तदाब वाढलेला. ईसीजी नॉर्मल. इथे जरा थांबा, कारण 'ईसीजी नॉर्मल आहे' या तीन शब्दांवर लोक फार विसंबतात. तो ईसीजी आडवं पडून, विश्रांती घेत असताना काढलेला असतो. रक्तवाहिनीत मोठा अडथळा असला, तरी विश्रांतीत हृदयाचं भागतं आणि पट्टी स्वच्छ येते. मागणी वाढली की मगच पुरवठ्याची ओढाताण दिसते. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं आवळणं, मग ते छातीत असो, गळ्याशी, जबड्यात किंवा डाव्या हातात, याला आम्ही अंजायना म्हणतो. पुढे स्ट्रेस टेस्टमध्ये दोष दिसला, अँजिओग्राफीत एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला आणि नाशिकला त्याची अँजिओप्लास्टी झाली.

मावशींची तपासणीही केली: इको, क्रिएटिनिन, तीन महिन्यांची साखर, तळपायांची संवेदना. पायांची संवेदना थोडी कमी होती, बाकी ठीक. मी त्यांना 'जा' म्हटलं. अटी तीन घातल्या. अनवाणी जायचं नाही, निर्जळी उपास करायचा नाही आणि जिथे पाय नको म्हणतील तिथून परतायचं.

शेवटची अट त्यांनी मान्य केली, मधली कुरकुरत. पहिलीवर मात्र चांगलंच भांडण झालं. "देवीकडं चपला घालून जायचं काय, डॉक्टर?" बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, की बूट देवळाच्या दारापर्यंत, आत अनवाणी.

कळसूबाईची कथा तुम्हाला माहीत असेल. कळसू नावाची मुलगी कामाला राहिली, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर. एक दिवस तिला तीच कामं सांगितली गेली, तेव्हा ती सगळं टाकून डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. निघताना मावशी मला म्हणाल्या, "ती भांडी टाकून गेली, मी तर घासून चाललेय, मला काय व्हायचंय?" चाळिशीतल्या ज्या बायका मला रोज सांगतात की चालायला वेळच मिळत नाही, त्यांना मी ही कथा ऐकवतो. काहींना पटते.

त्या नवरात्रात मावशी पुतण्याबरोबर वर गेल्या, गर्दी टाळून आडवारी, पाच तास घेऊन. मुलाची अँजिओप्लास्टी होऊन तेव्हा काहीच दिवस झाले होते. वर जाऊ न शकणाऱ्यांसाठी गावकऱ्यांनी पायथ्याशी देवीचं देऊळ बांधलेलं आहे. आई उतरेपर्यंत तो तिथे बसून होता.

वय हे फार ढोबळ माप आहे. डोंगर तुमचा जन्मदाखला पाहत नाही, गेल्या तीन महिन्यांत तुम्ही काय केलं ते पाहतो.

दम आणि दुखणं

मग तुमचं कसं ओळखायचं? घरी करता येण्यासारखी पहिली परीक्षा अशी. दोन मजले, नेहमीच्या चालीने, न थांबता चढून जा. वर गेल्यावर एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तेवढंही जमत नसेल, तर कळसूबाई लांब राहिली, आधी मला किंवा तुमच्या डॉक्टरांना भेटा. जमत असेल तर तीन महिने हातात ठेवून तयारी सुरू करा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-पाऊण तास चालणं, दोन दिवस जिना. माझा स्वतःचा ठोकताळा असा: चार मजल्यांचा जिना दहा वेळा, मधे थांबत का होईना, पण बोलता येईल अशा दमात चढता-उतरता आला, की माणूस कळसूबाईला निघायला हरकत नाही. पुस्तकात हे सापडणार नाही, पण मला उपयोगी पडलं आहे.

चाळिशी ओलांडलेले आणि कधीच व्यायाम न केलेले, मधुमेही, रक्तदाबाचे, सिगारेट-तंबाखूवाले, ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झाला आहे असे, यांनी तयारी सुरू करण्यापूर्वीच तपासून घ्यावं. निघण्याच्या आदल्या दिवशी येऊन 'फिट' असं सर्टिफिकेट मागू नये. ते मी देत नाही.

डोंगरावर दम सगळ्यांनाच लागतो. थांबलं की दोन-तीन मिनिटांत उतरतो तो दम साधा. काळजीचा दम तो, जो थांबूनही उतरत नाही, किंवा ज्याच्यासोबत छातीत दडपण, थंड घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी येते. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता विलक्षण थकवा किंवा दमच येऊ शकतो. 'सकाळी मिसळ खाल्ली, गॅस झाला असेल' असं म्हणून पुढची शिडी चढू नका. बसा. सोबत्यांना सांगा. एकट्याने खाली जाऊ नका आणि त्या माणसाला एकट्याने पाठवूही नका.

हृदयविकाराची शंका असेल आणि त्या माणसाला ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र उठसूट कोणालाही देऊ नका. घामाने पाणी कमी झालेल्या माणसाचा रक्तदाब तिने धाडकन खाली येऊ शकतो. १०८ ला फोन लगेच करा, कारण रुग्णवाहिका पायथ्यापर्यंतच येणार आहे. वरून खाली माणसाला माणसांनीच उचलून आणायचं असतं, त्या शिड्यांवरून. हे बारीची पोरं करतात. पण तुम्ही त्यांच्या खांद्यावर किती वेळ काढणार, हे तुम्ही किती लवकर थांबलात यावर ठरतं. माणूस कोसळला, हाकेला उत्तर देत नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायला लागा. ग्रुपमधल्या निदान दोघांना हे येत असावं. एका दुपारच्या प्रशिक्षणात ते शिकता येतं.

रात्री निघून सूर्योदय वर पाहायचा, ही टूम मला अजिबात पसंत नाही. शुक्रवारी दिवसभर काम, संध्याकाळी बसमध्ये, रात्री ढाब्यावर दाबून जेवण, झोप दोन तास, आणि मग थंड वाऱ्यात एकदम चढ. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जागरणाने रक्तदाब चढलेला असतो, पोट भरलेलं असतं. ज्या हृदयाला सवय नाही त्याच्यावर हे सगळं एकाच वेळी येतं. वर सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी रांगा, मागून ढकलणारे लोक, आणि आपला वेग आपल्याला ठरवता येत नाही. पहाटे उजाडताना निघा. सूर्य पायथ्याशीही उगवतो.

उपास, अनवाणी पाय आणि साखर

मधुमेह असला तरी डोंगर चढता येतो. उलट चढणारे स्नायू साखर भराभर ओढून घेतात. अडचण तिथेच आहे. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे यांची साखर चढताना, आणि त्या रात्री झोपेतसुद्धा, फार खाली जाऊ शकते. नवरात्राचा उपास त्यात मिसळला की धोका दुप्पट. त्या दिवशीचा डोस किती कमी करायचा, हे आधी येऊन विचारा. स्वतःच गोळी बंद करू नका आणि नेहमीइतकी घेऊन उपाशीही चढू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर उपास आणि तहान या दोन्ही गोष्टी एकत्र होऊच देऊ नयेत. त्यांच्या रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि तो साखर फार वाढलेली नसतानाही येऊ शकतो.

हात थरथरणं, घाम, चिडचिड, बोलणं असंबद्ध होणं, ही साखर उतरल्याची लक्षणं. तीन चमचे साखर पाण्यात किंवा तेवढ्याच साखरेचं सरबत, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. मग काहीतरी खायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नका. 'शुगर फ्री'ची पुडी इथे उपयोगाची नाही. ही चूक मी लोकांना करताना पाहिली आहे. उपास मोडायचा नसेल तर राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळी, शेंगदाणे, ताक चालतं. देवी रागावत नाही, असं मावशींनीच परत आल्यावर मला सांगितलं.

आणि पाय. बारा-पंधरा वर्षांचा मधुमेह असलेल्यांच्या तळपायाची जाणीव हळूहळू कमी झालेली असते आणि ती त्यांना कळलेली नसते. अनवाणी चढताना खडा रुततो, तापलेल्या कातळाने किंवा लोखंडाने पाय पोळतो, दुखत मात्र नाही. चार दिवसांनी मोज्याला डाग दिसतो. अशा जखमेतून बोट गमावलेले रुग्ण माझ्याकडे आहेत. म्हणून बुटांच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. नवे कोरे बूटही नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. घरी आल्यावर आरशात किंवा घरच्या कोणाकडून तळवे पाहून घ्या.

पाणी आणि गोळ्या

ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं. पावसाने हवा धुतलेली, गवत हिरवं, आणि डोक्यावर चटका. सोबत दोन-तीन लिटर पाणी ठेवा, त्यातलं थोडं मीठ-साखरेचं किंवा ओआरएसचं. घोट घोट प्या, तहानेच्या थोडं पुढे राहून. पण हट्टाने नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर पिणंही चांगलं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं. उन्हात माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागला, चाल अडखळली, तर तो उष्माघात असू शकतो: सावली, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच खाली.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनाही सांगायची राहून जाते. गुडघे दुखतील म्हणून बरेच जण सकाळीच डायक्लोफेनॅक किंवा तत्सम गोळी घेऊन निघतात. घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं, त्यात लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी, वर ही वेदनाशामक गोळी: तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं. तरुण, निरोगी माणसाचं निभावून जातं. साठीतल्या मधुमेह्याचं निभावेलच असं नाही. दुखलंच तर पॅरासिटामॉल घ्या, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल आधी विचारा.

उतरताना

लोक चढायची तयारी करतात आणि उतार विसरतात. माझ्याकडे सोमवारी लंगडत येणारे सगळे उतरतानाच दुखावलेले असतात.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो. या प्रकारच्या कामात स्नायूच्या तंतूंना जास्त बारीक इजा होते. म्हणून दुखणं त्या दिवशी नसतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमोडवर बसता येत नाही. गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्यावर पायरी उतरताना वजनाच्या तिप्पट-चौपट दाब येतो. ऐंशी किलोच्या माणसाचा हिशेब तुम्हीच करा, आणि मग पाच किलो वजन उतरवण्याचं महत्त्वही कळेल. सराव करताना जिना उतरायचाही असतो, लिफ्टने खाली यायचं नाही, ते याचसाठी. डोंगरावर काठी घ्या, पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पळत उतरू नका. शिडी उतरताना तोंड शिडीकडे आणि दोन्ही हात कठड्यावर. मोबाइल खिशात. धुक्यात कातळ ओला असेल तर तेवढी वाट बसून उतरण्यात कमीपणा नाही.

वर पोचला नाहीत तरी परत येताना अर्धी ताकद शिल्लक असली पाहिजे. मावशींचा मुलगा कार्डिओलॉजिस्टच्या परवानगीने दुसऱ्या वर्षी गेला. सिगारेट सुटलेली, आठ किलो वजन कमी. शेवटच्या शिडीच्या खाली वारा आणि धुकं इतकं वाढलं, की तो तिथूनच परत आला. मला फोन करून सांगताना त्याच्या आवाजात थोडी खंत होती. मी त्याला म्हटलं, चांगलं केलंत. आई मात्र त्याला अजून चिडवते.

परत आल्यावर दोन-तीन दिवस पाय दुखले तर घाबरू नका. झोपून राहण्यापेक्षा थोडं थोडं चाला. पण पोटरी एकाच पायाची सुजली, गुडघ्यात पाणी भरलं, किंवा लघवी काळ्या चहासारखी गडद झाली आणि कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गडद लघवी म्हणजे स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात तुटून त्यांचा रंग मूत्रपिंडातून बाहेर पडत असण्याची शक्यता असते. आणि पुढच्या दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, काखेत, जांघेत किंवा पट्ट्याखाली सिगारेटने भाजल्यासारखा काळा व्रण दिसला, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की मी डोंगरात गवतातून चाललो होतो. स्क्रब टायफस नावाचा ताप गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो, साध्या औषधाने बरा होतो, पण विचारलं आणि शोधलं तरच सापडतो.